समुद्रात ढकललेल्या जीप

१९९४ साली सुरतजवळच्या कामरेजच्या भंगारवाड्यात धम्मपाल लष्कराची जुनी जीप कापायला बसला, तेव्हा शेजारचे म्हातारे शिंपी ठाकोरभाई जवळ येऊन उभे राहिले. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, ते फिजीत होते आणि तिथून अमेरिकन तळावर कामासाठी एका लहान बेटावर गेले होते.

"लढाई संपल्यावर अमेरिकन शिपायांनी अशा कितीतरी जीप समुद्रात ढकलल्या," ते म्हणाले. "चांगल्या चालत्या होत्या. मी एक मागितली, तर साहेब म्हणाला, हुकूम नाही."

"मग?"

"माझ्यासमोरच बुडवली."

धम्मपालने कटर बाजूला ठेवला. दोन दिवस खपून त्याने इंजिन चालू केलं आणि ठाकोरभाईंना शेजारी बसवून हायवेपर्यंत फेरी मारली.

उतरताना ठाकोरभाई म्हणाले, "ब्रेक ढिले आहेत." डोळे मात्र ओले होते.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे धम्मपालने जीप कापली.