दाराचे चार ठोकळे

पानेरावच्या गाडीचं मागचं दार खडखडायचं. किती, तर गाडी वरच्या वळणावर आली की खालच्या घरात कळायचं, आले एकदाचे. गाडी डोंगरदऱ्यांत फिरणारी, चारही चाकांना जोर असलेली, मागच्या दारावर स्टेपनी लटकवलेली. ती स्टेपनी जाडजूड मेव्हण्याच्या वजनाची, आणि तो सगळा भार दोन बिजागऱ्यांवर. दार बोंबलणार नाही तर काय करणार!

खिशात कायम पाना, म्हणून कामावर सगळे त्याला पानेराव म्हणत. काम म्हणजे डोंगरावरच्या पाण्याच्या टाक्या तपासत हिंडायचं. गाडी मात्र स्वतःची, आणि तिला आजवर दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. गॅरेजवाले चोर असतात हे त्याचं एक मत, आणि आपल्याला सगळं येतं हे दुसरं. पहिल्यात थोडंफार तथ्य होतं.

आता घरातला खडखडाट सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आईचं आणि बायकोचं डब्यांच्या झाकणांवरून वाजलं. झाकणं डब्यावर ठेवायची की वेगळ्या टोपलीत, एवढाच मुद्दा. पण आई म्हणाली, "या घरात एक तर ही राहील नाहीतर मी." बायको म्हणाली, "मेले तरी यांच्याशी बोलणार नाही." तेव्हापासून सगळी बोलणी पानेरावमार्फत. "तुझ्या बायकोला सांग, भाजीत मीठ नाही." "तुमच्या आईंना सांगा, आहे, जीभ तपासून घ्या." हा मध्ये उभा राहून निरोप पोचवायचा आणि प्रत्येक निरोपाला स्वतःचं एक व्याख्यान जोडायचा. व्याख्यानाच्या शेवटी ठरलेलं, "मी म्हणतच होतो!" दूध उतू गेलं, मी म्हणतच होतो. दिवे गेले, मी म्हणतच होतो. सासरे पाय घसरून पडले, तेव्हा दवाखान्यात खाटेपाशी उभं राहूनही हा गृहस्थ तेच म्हणाला. सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे केलं ते हा निघून जाईपर्यंत.

शेवटी पानेराव कंटाळला आणि त्याने निकाल लावला. येत्या रविवारी आईला थोरल्या भावाकडे पोचवायचं, कायमचं. थोरल्याचं घर दिवसभराच्या रस्त्यावर, आणि तिथे त्याच्या बायकोचा, म्हणजे थोरलीचा, कारभार. तिच्या घरात चपलांनासुद्धा ठरलेल्या जागा होत्या, आणि मोठ्याने हसलं की ती खिडकी लावून घ्यायची. आईने निकाल ऐकून घेतला आणि एकच अट घातली. "त्या दाराच्या खडखडाटात मी दिवसभर बसणार नाही. हाडं खिळखिळी होतील माझी. दार नीट कर, मग येते."

"त्यात काय मोठंसं!" पानेराव म्हणाला.

त्यात बरंच मोठं निघालं. बिजागऱ्यांच्या आतले झिजलेले बूश बदलले, स्टेपनीचे नट आवळले, जॅक फडक्यात गुंडाळला, नंबरप्लेटमागे स्पंज चिकटवला. आवाज तसाच. मग दाराच्या कडेला चार कोपऱ्यांत असतात ते रबरी ठोकळे, म्हणजे दार मिटलं की चौकटीवर घट्ट दबणारे, ते नवे आणून बसवले. दार गप्प! पानेरावने संध्याकाळभर त्याच एका दाराची उघडझाप केली. सकाळी कामावर निघाला तर खड खड खड. बघतो तर ठोकळे गायब. पुन्हा आणले, पुन्हा बसवले, सकाळी पुन्हा गायब. दुकानदार विचारायला लागला, "साहेब, खाता की काय?"

शुक्रवार उजाडला तेव्हा पानेराव रडकुंडीला आला होता. कामावरच्या वेल्डरला त्याने गाडीत मागे आडवं घातलं. खडखडाट नेमका कुठून येतो ते पुढे बसून कळत नाही, कुणीतरी दाराला कान लावून पडावंच लागतं. पानेरावने गाडी दगडगोट्यांवरून मुद्दाम हाणली. मागून वेल्डर आधी "डावीकडे!" ओरडला, मग "कडीपाशी!" ओरडला, आणि मग नुसताच ओरडला.

"कडी सरकलीय तुझी," खाली उतरून डोकं चोळत तो म्हणाला. "चौकटीवरची, जिच्यात लॉक अडकतं ती. आत घे जराशी. आणि ठोकळे लाव."

"लावतो रे, पण गळून पडतात. खड्डे किती बघतोस ना!"

वेल्डरने ठोकळ्याच्या रिकाम्या भोकात बोट घालून बघितलं. "हे असले ठोकळे गळत नसतात. दात लावून ओढावं लागतं."

"गाडी माझी की तुझी?" पानेराव म्हणाला, आणि विषय तिथे संपला.

दोघांनी मिळून कडी आत घेतली, नवे ठोकळे ठोकून बसवले. मग पानेराव अर्धी रजा टाकून निघाला. दगडांवरून गेला, खड्ड्यांतून गेला, दार हूं की चूं करेना. वरच्या वळणापासून घरापर्यंत आणि घराच्या पुढेही उतारच होता, आणि डिझेल वाचवायला तो तिथे नेहमी इंजिन बंद करायचा. आजही केलं. गाडी अलगद उतरत आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन थांबली. आता आईला इथूनच हाक मारायची, दार चारदा आपटून दाखवायचं, बायकोलाही ऐकवायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला.

त्याच्या घरात कुणी हसत नसे. तो टाचा उंचावून खिडकीतून डोकावला.

आई आणि बायको स्वयंपाकघरात खाली चटईवर समोरासमोर बसून पत्ते खेळत होत्या. दोघींच्या मध्ये काळ्या रबरी ठोकळ्यांचा ढीग होता. आईने पान टाकलं, "आण इकडे!" म्हणाली आणि त्यातले दोन ठोकळे स्वतःकडे ओढले.

"आई, हे चीटिंग आहे," बायको म्हणाली. "बदामची राणी मघाशीच गेली होती."

"तुझ्या नवऱ्याला निरोप दे तसा," आई म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसल्या.

पानेरावच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. ठोकळे! त्याचे ठोकळे! आणि तीन वर्षं आपण काय निरोप्या म्हणून राबलो? आत घुसून जाब विचारायला त्याने पाऊल उचललं होतं. तेवढ्यात आई पत्ते पिसता पिसता थांबली.

"परवा रविवार गं," ती म्हणाली. "सांगून टाकायचं का त्याला, की आपलं दोन वर्षांपूर्वीच मिटलंय म्हणून?"

"सांगा की. पण मग ते काय म्हणतील?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं, छाती पुढे काढली, आणि एका सुरात त्याच्या आवाजात म्हणाल्या, "मी म्हणतच होतो!" बायको हसून हसून चटईवर आडवी झाली. आईला ठसका लागला.

"नको बाई," डोळे पुसत आई म्हणाली. "जन्मभर ऐकवेल. शेजाऱ्यांना सांगेल, पाहुण्यांना सांगेल, मी मेले तर चार लोकांसमोर सांगेल. पण दार दुरुस्त झालं तर? थोरलीकडे मी मरून जाईन गं. तिथे माझ्याशी बोलणारं कोण आहे?"

"मी जाऊ देते होय तुम्हाला?" बायको म्हणाली. "ठोकळे काढीन, नट काढीन, अख्खं दार उपटून विहिरीत टाकीन. तुम्ही पत्ते वाटा."

पानेरावचं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. राग कुठे गेला कुणास ठाऊक. आपल्या घरात एवढी माया आहे आणि ती आपल्यापासून लपवून ठेवावी लागते, याचं त्याला भयंकर वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आत्ता या क्षणीसुद्धा त्याच्या जिभेवर तेच तीन शब्द वळवळत होते. 'भांडण मिटेल, मी म्हणतच होतो.' त्याने दात आवळले, पाय खाली ठेवला, चोरासारखा गाडीत बसला आणि ब्रेक सोडला. गाडी बिनआवाज उतारावरून पुढे घरंगळत गेली.

खालच्या वळणावर त्याने पाना काढला. कडी ढिली केली, दार हलवून बघितलं. खडखडेना! मेलं काम इतकं चोख झालं होतं. चारही ठोकळे उपटले, त्यातल्या एकाला खरोखरच दात लावावे लागले. स्टेपनीचे नट सैल केले, जॅकचं फडकं सोडलं. माणूस दार बिघडवायला घाम गाळत होता. अखेर दाराने पूर्वीसारखा गळा काढला, तेव्हा त्याने ठोकळे खिशात टाकले, इंजिन सुरू केलं आणि दणदणाट करत चढ चढला. दारात येऊन वर आणखी हॉर्न दिला.

आत गेला तर सगळं जिथल्या तिथे. आई तिच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी, बायको ओट्याशी कांद्यावर सूड उगवत. चटई गुंडाळलेली. फक्त एक ठोकळा घाईत राहून गेला होता, जमिनीच्या मधोमध. बायकोने तो बघितला आणि तिचा हात थांबला. पानेरावने छताकडे बघत त्याच्यावर पाय ठेवला आणि बोलता बोलता तो कपाटाखाली सरकवला.

"रविवारचं रद्द," तो मोठ्याने म्हणाला. "दार माझ्याच्याने होत नाही. हरलो मी."

हा माणूस कशात तरी हरलो म्हणतोय, हे दोघींनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"कधीपर्यंत रद्द?" खोलीतून आईने विचारलं.

"गाडी आहे तोपर्यंत."

बायकोने पाठ वळवली. कांद्याने येतं ते पाणी तिने पदराने पुसलं. मग घसा साफ करून म्हणाली, "तुमच्या आईंना सांगा, चहा टाकलाय."

आई हाकेच्या अंतरावर होती. तरी पानेराव चालत तिच्या दारापर्यंत गेला आणि निरोप दिला. व्याख्यान जोडलं नाही.

"तुझ्या बायकोला सांग, साखर कमी," आई म्हणाली. ती या कुशीवर वळली होती, आणि त्याच्या खिशाला आलेल्या फुगवट्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग उठून बसली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिने त्याच्या गालाला हात लावला.

"आणि दाराचं म्हणशील तर," ती म्हणाली, "तुला जमायचं नाही, हे मी म्हणतच होते."

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन सिंकमध्ये पडलं.

पानेरावने खिशातले ठोकळे मुठीत घट्ट धरले.

"हो आई," तो म्हणाला. "तू म्हणतच होतीस."