झुंबऱ्या आणि खुर्चासुर

माझ्या झुंबऱ्यांनी माझ्या मामेबहिणीला पहिल्याच फटक्यात मारून टाकलं, तेव्हा ती फक्त "चालेल" म्हणाली.

थांबा, थांबा, पोलिसांना बोलवू नका! झुंबऱ्या हा मी डोकं खाजवून खाजवून बनवलेला राक्षस आहे, आणि मेली ती मामेबहीण नव्हे, तिचं पात्र. आमचा एक खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि एकाने सूत्रधार व्हायचं. सूत्रधार सांगतो, "तुम्ही गुहेत शिरलात, आत मिट्ट काळोख आहे." बाकीचे सांगतात आपण काय करणार. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर वा वा, लहान पडला तर बोंबला.

टेबल आईचं. ती शिवणकाम करते, घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान, आणि कापड बेतायचं ते लांबच लांब टेबल रविवारी रिकामं असतं. आम्ही तिच्याच खडूने त्यावर गुहा, पूल, राजवाडे काढतो आणि तिच्याच डब्यातली बटणं पात्रं म्हणून फिरवतो. आई फक्त एवढंच म्हणते, "खडू खाऊ नका आणि कात्रीला हात लावू नका." इतकी चांगली आई कुणाला मिळते, सांगा.

पूर्वी सूत्रधार दादा होता, माझा आतेभाऊ. त्याला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली, रविवारीही फोन आला की पळावं लागायचं. एके दिवशी त्याने सगळे फासे माझ्या ओंजळीत ओतले आणि म्हणाला, "घे बाई, आजपासून जग तू चालव." मी! वर्गात धडा वाचायला उभं केलं की पुस्तकामागे तोंड लपवणारी मी! पण काय जादू झाली कोण जाणे, त्या टेबलाशी उभी राहिले की मला डोंगराएवढा आवाज फुटायचा. आता तर वर्गातही फुटतो. बाई म्हणतात, "आता जरा हळू."

खेळायला दोघं होते. एक आमच्या वर्गातला वकील. नियमावर नियम काढून भांडतो, म्हणून वकील. दुसरी शेजारची तोफ. तिचं नाव तोफ का, ते ती 'हॅलो' म्हणाली की कळतं.

आणि मग आली बारकी. मामाची मुलगी. मामा-मामीला कामासाठी वर्षभर दूर जावं लागलं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. ती माझ्यापेक्षा लहान आहे पण वीतभर उंच आहे, तरी घरात बारकीच. तिची एकच पंचाईत होती. ती बोलायचीच नाही. "जेवतेस?" "चालेल." "पंखा लावू?" "चालेल." रात्री उशीत तोंड खुपसून रडायची तेही आवाज न करता. मला वाटलं, ज्या टेबलाने मला आवाज दिला ते हिलाही देईल.

आणि ती खरंच तयार झाली! तिने रानमांजर नावाची तलवारबाज योद्धी बनवली. डब्यातलं काळं बटण निवडलं आणि चिंध्यांमधल्या लाल तुकड्याचा नखाएवढा झगा शिवून त्या बटणाला घातला. तोफ किंचाळली, "अगं, माझं बटण याच्यासमोर नागडं दिसतंय!" बारकी हसली. किंचित, पण हसली.

त्याच रविवारी मी ओसाड राजवाड्याच्या छताला तीन झुंबरे टांगून ठेवले होते. दिसायला झुंबर, असायला राक्षस. दबा धरून बसतात, खाली माणूस आला की धप्पकन अंगावर. मी हिशेब चोख केला होता. एका पारड्यात झुंबऱ्यांची ताकद, दुसऱ्यात खेळणाऱ्या तिघांची, काटा अगदी मधोमध.

दारापाशी तोफ म्हणाली, "बारकी, तू पाहुणी. तू पुढे हो."

वकील म्हणाला, "हो, नवीन माणसाला पहिला मान. असा नियम नाही, पण असायला हवा."

बारकीने लाल झगा घातलेलं बटण दोन बोटांनी अलगद दाराच्या आत सरकवलं.

तीनही झुंबरे तिच्यावर पडले. मी फासे टाकले, एक लागला, दुसरा लागला, तिसरा तर असा लागला की विचारू नका. कुणी तलवारही उपसली नव्हती आणि रानमांजर संपली. तोफ नि वकील तिची तलवार तेवढी उचलून जीव घेऊन पळाले.

"चालेल," बारकी म्हणाली. तिने झगा काढला, काळं बटण डब्यात काळ्या बटणांच्या खणात ठेवलं आणि आत निघून गेली.

मला वाटलं, माझ्याच डोक्यावर झुंबर पडलं.

दुसऱ्या दिवशी ती भांडी पुसत होती तिथे मी गेले. "बारके, ऐक ना. कालचं रद्द. रानमांजर मेलीच नाही, बेशुद्ध पडली होती. तू रविवारी ये, बरं?"

"नको."

'चालेल' सोडून दुसरा शब्द! पण हा शब्द मला नको होता.

"का गं? मी सूत्रधार आहे, मला करता येतं तसं."

ती ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "मेल्याचं काही नाही गं ताई. मेली तर मेली. पण मला काही करायलाच मिळालं नाही." ताट ठेवून पुन्हा म्हणाली, "इथे यायच्या वेळीही तसंच झालं. कुणी विचारलंच नाही."

तिच्या तोंडून इतकी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्याबरोबर भांडी पुसली.

मग दादाला फोन लावला.

"बोल पटकन, मी लिफ्टच्या वरच्या खोलीत आहे."

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर मी फोनमधूनच त्याचा कान पिळला असता.

"हिशेब समोरासमोरच्या लढाईचा केलास," तो म्हणाला. "दबा धरून बसलेल्याला एक डाव फुकट मिळतो ना? कुणी हलायच्या आत तो मारून मोकळा. तुझे तीन झुंबरे पहिल्या फेरीत सहा झाले, आणि समोर लढायला शून्य."

"मग त्याला लेचापेचा करू?"

"कर की. मग तो छतावरून पडून स्वतःच मरेल. पोरं म्हणतील, अरेरे, झाडू आणा."

"मग करू काय रे?"

"आधी त्यांना दिसेल असं काहीतरी ठेव. राक्षस नको दाखवूस, पण ज्याचे डोळे उघडे आहेत त्याला खटकेल असं काहीतरी. आणि दुसरं म्हणजे..."

तेवढ्यात फोनमधून धाडधाड आवाज आला. "अहो मिस्तरी, गप्पा कसल्या मारताय? आम्ही आत अडकलोय!"

"आलो काका, आलो! बाई, तू..." आणि दादाने फोन बंद न करताच खिशात टाकला.

मी ऐकत राहिले. आतले काका दार बडवत होते. एक बाई त्यांना सांगत होत्या, "बडवू नका, बटण दाबा." कुणीतरी म्हणालं, "माझ्याकडे पट्टी आहे, फटीत घालू का?" "नको नको!" असं दादा ओरडला. एक छोटा मुलगा घंटीचं बटण दाबत सुटला होता आणि भलताच खूश होता. माणसं अडकली होती, पण गप्प एकही नव्हतं. प्रत्येकाचं काही ना काही चाललं होतं!

मी टुणकन उडी मारली. दादाचं 'दुसरं म्हणजे' काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही, कारण मला माझं सापडलं होतं. दबा धरणाऱ्याने फुकटचा डाव मारण्यात घालवायचाच नाही. अडकवण्यात घालवायचा. घाबरवायचं, पण पुढचा डाव माणसाच्या हातात ठेवायचा.

आठवडाभर मी नवा राक्षस शिवत होते. उसवत होते, पुन्हा शिवत होते. बारकीला मी काही बोलले नाही. एकदाच विचारलं, "रविवारी येशील का? नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही." तिने खांदे उडवले. 'चालेल' म्हणाली नाही. याचा अर्थ काय लावायचा?

रविवारी तोफ आणि वकील आले. मी खडूने दिवाणखाना काढला. तिसरी खुर्ची रिकामीच. मी उगाचच खडूला टोक काढत बसले. वकील म्हणाला, "सूत्रधार, सुरू कर." मी म्हटलं, "थांब रे." तो म्हणाला, "किती?" मी म्हटलं, "नियम काढू नकोस."

दारात बारकी उभी. मुठीत काहीतरी.

"जागा आहे?"

"जागा?" तोफ गरजली. "तुझी खुर्ची आहे ती! वकिल्या, तुझं दप्तर उचल आधी!"

बारकीने मूठ उघडली. आत एक मोठं, पितळी, कोटाचं बटण होतं. "ही रानमांजरची थोरली बहीण. तिला शोधायला आलीय."

आता आमच्या टेबलाचा रिवाज असा की पात्र मेलं की त्याचं सामान उरलेल्यांनी वाटून घ्यायचं. वकील तर या बाबतीत अगदी काटेकोर. तो उठला, दोन्ही हात असे पुढे धरले, जणू त्यात खरीच तलवार आहे, आणि म्हणाला, "थोरल्या बाई, ही तुमच्या बहिणीची तलवार. आम्ही वाटून घेतली नाही. घ्यावीशीच वाटली नाही."

मला हे काहीही माहीत नव्हतं. देवाशपथ सांगते, मी त्याला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. मी खडू उचलायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले आणि डोळे पुसले.

बारकीने तलवार घेतली. हवेतली, पण दोन्ही हातांनी.

मग मी सुरू केलं. "तुम्ही दिवाणखान्यात आलात. सगळीकडे बोटभर धूळ. धुळीने पांढरी झालेली कपाटं, पांढरी सतरंजी. विझलेल्या शेकोटीशेजारी एक लाल मखमली आरामखुर्ची."

"मी छत बघते!" तोफ म्हणाली.

"छत कोरं आहे."

"मी कपाट उघडतो," वकील म्हणाला. "आणि नियमाप्रमाणे..."

"थांबा," बारकी म्हणाली. "ताई, खुर्ची लाल दिसतेय?"

"लाल. मखमली."

"म्हणजे तिच्यावर धूळ नाही."

"नाही," मी म्हणाले.

"मग तिथे रोज कोण बसतं?"

तोफेच्या तोंडातून शब्द फुटेना. ही ऐतिहासिक घटना आहे.

"मी बसते तिच्यात," बारकी म्हणाली. "तुम्ही दोघं मागे जा. तोफे, दोर तयार ठेव. मी पुढे."

मी तिला एकदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." आणि पितळी बटण तिने स्वतः खुर्चीवर ठेवलं.

खुर्चासुराने हात मिटले! फुकटचा डाव त्याने पकडण्यात घालवला, तिला कवेत आवळलं आणि चार पायांवर तुरुतुरु तळघराच्या दाराकडे पळत सुटला.

"दार लाव, तोफे!" बारकी ओरडली. तोफेने दार लावलं. बारकीने तलवारीसाठी फासा टाकला. दोन! फक्त दोन!

"हात अडकलेत," वकील हळहळला. "हात अडकले की तलवार चालत नाही, असा नियमच आहे गं. मी काय करू?"

"पाय कुठे अडकलेत? मी पाय भिंतीला लावून खुर्ची मागे उलथवते!"

वकिलाने डोळे मिटले. त्याच्या डोक्यात नियमांची पानं फडफडताना मला जवळजवळ ऐकू आली. "याच्याविरुद्ध," तो म्हणाला, "काहीही नाही!"

"फासा दे इकडे! दोर टाक गं! अरे, बघत काय बसलाय, पाय धर त्याचा, मागचा पाय!"

आतून आई धावत आली, हातात पळी. "काय झालं? कोण ओरडतंय एवढं? बारकी?"

"आत्या, थांब जरा!" बारकी खुर्चीवर उभी राहून म्हणाली. "उलथतेय!"

फासा घरंगळत पार कात्रीपर्यंत गेला. एकोणीस! तोफ अशी काही ओरडली की समोरच्या घराची खिडकी उघडली. आई तिथेच पळी धरून उभी राहिली. तिला राक्षस, फासा, काही कळलं नव्हतं, पण ती माझ्याकडे बघून अशी हसली की मला जगातली सगळी बक्षिसं मिळाली.

मित्रमंडळी गेल्यावर आम्ही दोघी टेबल पुसत होतो. मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत होते. दादाचे, वकिलाचे, तोफेचे, आईचे, लिफ्टमधल्या त्या अनोळखी काकांचेसुद्धा. बारकीचे कसे मानावेत ते मात्र सुचत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "खरं सांगू? रागावू नकोस."

"सांग की."

"खुर्चासुर जरा लेचापेचाच होता हं. मागे उलथला की संपला? त्याला चार पाय आहेत ना? मग उताणा पडल्यावर त्याने लाथा मारायला हव्यात. आणि धुळीचं ठीक होतं, पण दोनदा 'पांढरी' म्हणालीस, तिथेच मला संशय आला. एकदाच म्हणायचं. आणि तळघरात त्याची पिल्लं असती तर? छोटी स्टुलं! आणि दुसरं म्हणजे..."

मी फडकं खाली ठेवलं, टेबलावर चढून मांडी घालून बसले आणि म्हटलं, "बोल बाई, बोल. दुसरं काय, तिसरं काय, सगळं सांग."

आणि ती सांगत सुटली.