तोरगाईरचं बक्कल

"माझा इन्सुलिनचा पंप त्या यंत्रात घालू नकोस हं!"

"गेल्या खेपेला घातला होता का, ओडवार? हातात धर आणि इकडून ये."

गुनवोर सगळ्यांशी अशीच बोलते. उत्तर नॉर्वेतल्या आमच्या चिमुकल्या विमानतळावर ती तपासणीच्या कमानीपाशी उभी असते आणि मी पडद्यासमोर. इथून उडणारे निम्मे लोक ट्रॉम्सोच्या इस्पितळात निघालेले असतात. पडद्यावर त्यांच्या सुया, बाटल्या, श्वासाची यंत्रं दिसतात. म्हणजे गावात कोणाचं काय दुखतं, हे डॉक्टरखालोखाल आम्हाला ठाऊक. माझ्या पोटात गोष्ट राहताना मला फार त्रास होतो. गुनवोरच्या तोंडून मात्र इतक्या वर्षांत कोणाच्या दुखण्याचा एक शब्द निघाला नाही. या बाईपुढे मी मनातल्या मनात नेहमी टोपी काढतो.

जानेवारीत तिचा धाकटा भाऊ तोरगाईर कमानीपाशी आला, ट्रॉम्सोला निघालेला. बोटीचा कप्तान, आवाज असा की धक्क्यावरून चर्चपर्यंत पोचावा. कमरेला मासेमारीच्या स्पर्धेत जिंकलेलं भलंमोठं पितळी बक्कल. अर्थातच कमान वाजली.

"पट्टा काढ."

"राहू दे ना."

गुनवोर हाताने चाचपू लागली आणि पोटापाशी तिचा हात थबकला. मागे रांगेत बोरगिल उभी होती. बोरगिलचं कॉफीचं दुकान आहे. तिच्या कानावर गेलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

तोरगाईर अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "पोटाला पिशवी लावलीय, आतड्याची. कॅन्सर आहे, ताई. आईला कळता कामा नये."

"आतल्या खोलीत चल."

"तिथे गेलो की झालंच. बोरगिल विचारणारच, का नेलं म्हणून."

गुनवोरने बोरगिलकडे पाठ केली आणि त्याला आपल्या अंगाआड घेतलं. "शर्टावरूनच पिशवीवर हात फिरव. हं. आता हात पुढे कर."

तिने स्फोटकांचा अंश शोधणारी पट्टी त्याच्या तळहातांवरून फिरवून यंत्रात घातली. हिरवा दिवा लागला. नियमाप्रमाणे काम संपलं होतं, तरी त्याचे हात तिने लगेच सोडले नाहीत. मग वळून ती केवढ्याने तरी ओरडली, "हे बोजड बक्कल घालून येऊ नकोस म्हणून कितीदा सांगायचं रे तुला? सगळी रांग खोळंबली!"

"जिंकलंय मी ते! तू काय जिंकलंस आयुष्यात?" तोही तितक्याच जोरात म्हणाला. रांग हसली. बोरगिलही हसली.

हिवाळाभर हे नाटक चाललं. तो आला की बक्कल, बक्कल म्हणून आरडाओरडा, आणि तिच्या पाठीआड त्याचे दोन हात. रविवारी आईकडे जेवताना आई म्हणायची, "हा हल्ली खातच नाही." गुनवोर म्हणायची, "बोटीवर चरत असेल." आणि बटाटे पुढे सरकवायची. मी त्यांचा शेजारी, कधीमधी मीही त्या टेबलाशी असायचो. मी मान खाली घालून बटाटे सोलत राहायचो.

मेमध्ये तो आला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. गाल बसलेले. कमरेवर पट्टा टिकत नव्हता, म्हणून पँट खांद्यावरच्या पट्ट्यांनी तोलून धरलेली. त्यांच्या चिमट्यांनी कमान वाजली.

गुनवोर पुढे झाली. ओरडायला तिने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सगळी रांग तिच्याकडे पाहत होती. मी पडद्याकडे पाहत राहिलो. माझ्याच्याने दुसरं काही होईना.

तेवढ्यात मागून बोरगिल कडाडली. "काय रे तोरगाईर! पुन्हा तेच बक्कल? दर वेळी आम्ही खोळंबायचं का तुझ्यापायी?"

आणि ती खिडकीकडे वळून बाहेरचं विमान बघत बसली. तिच्या मागचेही सगळे विमानच बघू लागले.

तोरगाईरने रिकाम्या कमरेवर अंगठे रोवले. "जिंकलंय मी ते, बोरगिल," तो म्हणाला आणि दोन्ही हात बहिणीपुढे केले.