उजवीकडून उलगडणारी वही

माझ्या गोष्टींना शब्द नसतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक वही हातात घेतात आणि विचारतात, "नबीलाल, यात लिहिलंय कुठं?" अरे बाबांनो, लिहिण्यातच तर जन्म चालला होता! नगरच्या एका शिळाप्रेसमध्ये मी कातिब, म्हणजे हातानं मजकूर लिहून देणारा, होतो. लग्नाच्या उर्दू पत्रिका, हकिमांच्या जाहिराती, मदरशाची पुस्तकं, सगळं पिवळ्या कागदावर चरबीच्या शाईनं लिहायचं आणि मग ते दगडावर उतरवून छापायचं. वीस वर्षांत अक्षरांचा वीट आला. म्हणून स्वतःसाठी करायचं ते नुसतं चित्रांचं. पानावर एक चित्र, बारा पानं, एक गोष्ट. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळली पाहिजे, हा माझा हट्ट.

मालक शुक्रवारी दुपारनंतर एक दगड मला वापरू द्यायचा. काढणारा मी, छापणारा मी, टाके घालणारा मी आणि बाजारात पोतं अंथरून विकणाराही मीच. लढाईच्या दिवसांत कागद मिळेना म्हणून सगळं थंड पडलं होतं. सेहेचाळीस साली कागद पुन्हा दिसायला लागला आणि माझे हात शिवशिवायला लागले. त्याआधी दोन वह्या झाल्या होत्या, एक विहिरीत पडलेल्या बिबट्याची आणि एक चिक्कू हकिमाची. दोन्ही दर्ग्याच्या उरुसात मोहल्ल्यातल्या लोकांनीच संपवल्या. तिसरी मात्र मला साऱ्या बाजारासाठी करायची होती, आणि ती करायची होती बायडाबाईवर.

बायडाबाई केडगावची. रोज सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्या गल्लीत यायची. माझ्या बायकोशी, शरिफाशी, तिची घसट. मला ती नबीभाऊ म्हणायची आणि माझ्या रेघोट्यांना मनसोक्त हसायची. तिची गोष्ट सगळ्या केडगावाला पाठ होती. सतरा वर्षांपूर्वी भल्या पहाटे ही विधवा बाई पुणे रस्त्यानं येत असताना लिंबाखाली एक गाठोडं दिसलं. गाठोडं हललं. आत पोर होतं, नाळसुद्धा नीट कापलेली नव्हती. बाईनं ते उचललं, घरी नेलं, वाढवलं. तीच चांगुणा. दिवाळीनंतर चांगुणाचं लग्न ठरलं होतं, सुप्याच्या एका चांगल्या घरात. मी ठरवलं, लग्नाच्या आधी या बाईनं काय केलं ते घरोघर पोचवायचं. भावानं बहिणीला एवढं करायला नको?

दोन महिने खपलो. पहिल्या पानावर रस्ता, लिंब आणि गाठोडं. दुसऱ्यावर लांबून येणारी बाई, अगदी मुंगीएवढी. मग ती जवळ येते, थांबते, वाकते, पोराला उराशी धरते, चालत घरी येते. शेवटच्या पानावर उंबऱ्यात बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर पोर. मांडीवरचं पोर काढताना माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. एक वही चांगुणाच्या हातात ठेवली आणि बाकीच्या घेऊन बाजारात बसलो.

आणि मग सगळं बिनसलं.

पहिल्या गिऱ्हाइकानं वही चाळली, कपाळाला आठ्या घातल्या आणि खाली ठेवली. दुसऱ्यानं 'शिव शिव' म्हटलं. रंगुबाई म्हणून केडगावची एक म्हातारी ओळखीची होती. तिनं शेवटपर्यंत बघितली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिची कोंबडीच चोरली होती.

"नबीलाल, आसलं काढू ने रे."

"आजी, काय वंगाळ काढलं मी?"

"तुला न्हाई कळायचं. चित्रं झ्याक हायत. पन बाईमानूस आसं दाखवू ने."

मला काही कळेना. विधवेच्या कपाळावर चुकून कुंकू काढलं का? पाहिलं, नव्हतं. पदर खाली आला का? नव्हता आला. मग वाटलं, मुसलमानानं हिंदू बाईचं चित्र काढलं म्हणून रागावले असतील. ते दिवसच तसे होते, माणसं एकमेकांकडं तिरकी बघायला लागली होती. पण रंगुबाई तसल्यातली नव्हती, तिच्या नातवाला ताप भरला की ती पीराचा ताईत बांधायची. एक जण तर वही विकत घेऊन गेला आणि त्यानं ती परत आणून टाकली. पैसेही मागितले नाहीत! असा अपमान माझा कुणी केला नव्हता.

त्यातच बायडाबाईचं गल्लीत येणं बंद झालं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. माझं डोकं भणाणून गेलं. घरी आलो आणि वह्यांचा गठ्ठा शरिफापुढं आदळला.

"घे, चुलीत घाल. या लोकांना अक्कल नाही."

शरिफा माझ्यासारखी नाही, ती शांत डोक्याची. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिनं हात पुसले, वही घेतली, उलटसुलट केली आणि शिवण डाव्या हाताला धरून उघडली. उंबऱ्यातली बाई, मांडीवर पोर. पुढचं पान, पोर घेऊन निघालेली बाई. पुढचं, वाकलेली बाई. पुढचं, लांब गेलेली, मुंगीएवढी बाई. आणि सर्वात शेवटी रस्त्यावर एकटं पडलेलं गाठोडं.

"या अल्ला," शरिफा म्हणाली. "अहो, तुम्ही शिवण कुठं घातली?"

शिवण मी उजवीकडं घातली होती. वीस वर्षं दुसरीकडं कधी घातलीच नव्हती! उर्दूचं पुस्तक उजवीकडून उघडतं, माझा हात त्याच वळणाचा. बाजारातला मराठी माणूस मात्र सवयीनं वही पालथी करून डावीकडून सुरुवात करणार. शब्द असते तर कुणीही चूक पकडली असती, पण शब्द नकोत हा माझाच हट्ट. चालणारी बाई मी समोरून काढली होती आणि लांबची तर मुंगीएवढी, त्यामुळं ती येते की जाते तेही कळत नव्हतं. ज्या बाईनं पोर उचललं, ती पोर टाकून जाते अशी गोष्ट मी बाजारभर वाटली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच चपला घालून केडगावला निघालो. भर दुपार होती, रस्त्यानं चिटपाखरू नव्हतं. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा विसरलो.

बायडाबाई दारातच बसली होती. तीन दिवसांत बाई निम्मी झाली होती. चांगुणा विहिरीवर गेली होती. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच ती हळू आवाजात म्हणाली,

"नबीभाऊ, तुमाला कुनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"मी पोर ठिवून आले त्ये. सतरा वर्सांत माज्या तोंडातनं शबूद न्हाई निघाला. तुमाला कुनी सांगितलं?"

मी उभ्या उभ्या गोंधळलो. हातातली वही उजवीकडून उघडली, डावीकडून उघडली. मी चूक समजावून सांगायला आलो होतो आणि ही बाई म्हणत होती की चूकच खरी आहे.

"बाई, कुणी नाही सांगितलं. शिवण चुकली माझी," मी म्हणालो. बाकीचं कसंबसं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग हसली, पण ते हसू बघवेना.

"मंग मी आपल्या हातानं सांगून बसले म्हना की." थोडा वेळ ती पदराचं टोक पिळत राहिली. "माजं मालक जाऊन तीन वर्सं झाल्ती. पोर कुनाचं त्ये इचारू नगा. पोट पदराखाली झाकून, गाव सोडून हितं आले, मला वळखनारं कुनी नव्हतं. झाली त्याच फाटंचं न्हेऊन लिंबाखाली ठिवली आन बांधाआड बसले. म्हनलं, कुनी दयावान न्हेईल. चार मानसं गेली. एक तर वाकून बघून गेला. मंग म्हनलं, कुनीच न्हेत न्हाई, तर मीच का नगं? उठले आन सापडली म्हनून घिऊन आले. लोकांनी देवी केली माजी. मी बी हू दिली."

"चांगुणानं वही बघितली?"

"बघितली. तीन दिस झालं, एकच इचारती, आक्के, ह्ये खरं हाय का? मी गप. नबीभाऊ, तुमी तिला सांगा, उजवीकडनंच वाचायची. लगीन तोंडावर हाय. ती मला टाकून बोलंल त्ये मला सोसायचं न्हाई."

उजवीकडूनच वाचायची हे तर खरंच होतं, मी तशीच काढली होती. आणि तरी ते सांगणं म्हणजे खोटं बोलणं होणार होतं. खरं बोलून खोटं कसं पडतं याचा हिशोब लावता लावता माझं डोकं दुखायला लागलं. तेवढ्यात चांगुणा आली. डोक्यावरचा हंडा तिनं खाली ठेवला, घरात गेली आणि वही घेऊनच बाहेर आली.

"मामा, ही कुठल्या बाजूनं वाचायची?"

मी बायडाबाईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती.

"उजवीकडून, बेटा," मी म्हणालो. "आमची उर्दूची सवय. शिवण चुकली. बाईनं तुला उचलून आणलं, तेच काढलंय मी."

मला वाटलं, पोरीच्या छातीवरचं दडपण उतरेल. तिचा चेहरा मात्र पडला. असा पडला की मी घाबरलो. ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"मंग मी रस्त्यावरचीच," ती म्हणाली.

"आसं का म्हनती गं?" बायडाबाई कळवळली.

"तीन दिस मला वाटत हुतं, आक्का गप बसती म्हंजी त्ये खरं आसंल. म्हंजी मी तिचीच आसंन. टाकली तर टाकली, पन तिचीच." चांगुणाचा आवाज फाटला. "लोकं लहानपनापास्नं सांगत्यात, बाईचं उपकार इसरू नगंस, बाईनं तुला उचाललं. उपकार मानून मानून मी दमले, मामा. आपल्या आईचं कुनी उपकार मानतं व्हय?"

बायडाबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. दोन महिने खपून ज्या गोष्टीची मी आरती केली होती, त्या गोष्टीच्या ओझ्यानं हे पोर सतरा वर्षं वाकत आलं होतं. हे मला कसं दिसलं नाही? चित्रं काढणारा म्हणे मी!

"डावीकडनं बी खरं हाय," बायडाबाई हाताआडून म्हणाली.

चांगुणानं मान वर केली. "काय?"

"मीच ठिवली. मीच आनली. मदी बांधाआड बसले हुते."

पोर शिव्या देईल, ओरडेल, वही फाडेल, असं काहीबाही माझ्या मनात येऊन गेलं. ती रांगत आईजवळ गेली आणि तिचे हात तोंडावरून ओढून काढले. दोघींचे चेहरे एका वितीवर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दिसलं की नाक एकच आहे, हनुवटी एकच आहे.

"आसं न्हाई. नीट म्हन."

"काय म्हनू?"

"मला जलम दिलास म्हन."

बायडाबाईचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. चांगुणाला ऐकू आलं असावं, कारण ती ढसाढसा रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "आनिक एकदा."