अर्ध्या बाटलीची सोयरीक

गोविंदानं दारू सोडली तेव्हा अख्ख्या वस्तीनं त्याची पाठ थोपटली होती. लेमन सोडलं तेव्हा पाठ थोपटणं राहिलं बाजूला, लोकांनी नाकंच मुरडली. सोडणारा माणूस तोच, सोडायचा त्रासही तोच. पण पहिल्या खेपेला सोबतीला हजारो माणसं होती आणि दुसऱ्या खेपेला हा एकटाच.

छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन घाटंजीला परतला, तो दारूला शिवणार नाही असा शब्द देऊन. शब्द तोंडानं दिला होता. पायांना त्याची खबर नव्हती. वीस वर्षांची सवय. बाजाराच्या दिवशी कापसाच्या जिनातून सुटला की पाय आपसूक ओढ्याकडच्या वाटेला लागायचे, जिथं मोहाची चोरून मिळायची. हात थरथरायचे, रात्री घामानं गोधडी भिजायची. अशाच एका बाजारी बाबुलाल सोडावाल्यानं त्याला हाक मारली आणि गुलाबी लेमनची बाटली त्याच्यासमोर धरून अंगठ्यानं तिच्या तोंडातली काचेची गोळी आत दाबली. फस्स!

"तुले हातात बाटली पाह्यजे ना? मंग हे धर," बाबुलाल म्हणाला.

गोविंदानं धरली. घशात झणका बसला, नाकात पाणी आलं, एक लांब ढेकर आली आणि संध्याकाळ निभावली. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळही तशीच निभावली. माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो, याच्या हाताला लेमन लागलं.

त्याच हिवाळ्यात वस्तीत एक सोयरीक अडली. आजवर मुलीचा बाप आणि मुलाचा बाप एका भांड्यातली दारू प्यायले की सोयरीक पक्की व्हायची. आता दारू नाही, मग पक्की झाली हे कशावरून? म्हातारे दुपारभर बिड्या ओढत बसले. शेवटी गोविंदा उठला, बाबुलालकडून लेमनची बाटली घेऊन आला, सगळ्यांच्या मध्ये तिची गोळी दाबली आणि म्हणाला, "अर्धी तुमी घ्या, अर्धी तुमी घ्या. आवाज साऱ्यायनं आयकला ना? मंग झाली पक्की!" माणसं हसली, पण रीत पडली. आजूबाजूच्या गावांतही ती पसरली. अर्ध्या बाटलीची सोयरीक असली की गोविंदाला बोलावणं यायचंच. त्याला लोक लेमनवाला म्हणू लागले आणि त्याला ते मनापासून आवडायचं. आधी लोक त्याला जे म्हणत, त्यापेक्षा हे शंभरपटीनं बरं होतं.

अशी पाच वर्षं गेली. जिनात दिवसभर कापसाची ओझी वाहायची, घशात रुईचा बुरा बसायचा, आणि त्यावर लेमन. आधी एक, मग दोन, पुढं पुढं दिवसाला पाच-सहा बाटल्या. कोण बोलणार? दारू तर नव्हती ना!

मग पावसाळा संपता संपता त्याची तहान काही केल्या भागेना. रांजण रिता व्हायचा तरी जीभ कोरडी. पिळून काढल्यासारखं अंग व्हायचं, ओझं उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. परसात तो जिथं लघवीला बसायचा तिथं मुंग्या लागल्या. त्या त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं पाहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं निळ्या औषधात त्याची लघवी तापवली, ती विटेसारखी लाल झाली. डॉक्टर म्हणाले, लघवीत साखर आहे. गोड बंद, एकदम बंद.

"अन् लेमन?" गोविंदानं विचारलं.

"तेच सगळ्यात आधी."

परतताना तो वाटेतल्या निंबाखाली बसला तो उठेचना. "एकदा सोडलं. आता पुन्हा सोडा," तो म्हणाला. "माणसानं धरावं तरी काय, प्रभेची माय?"

"माहा हात धरा अन् उठा," मथुराबाई म्हणाली. "जेवाले उशीर होऊन राह्यला."

तो उठला. पण थकला होता तो कायमचा. दारू सोडताना अंगात एक जोर होता, आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटायचं. लेमन सोडण्यात कसला आलाय मोठेपणा? पोरंसोरं पितात ती गोष्ट. तिची आठवण येऊन रडावंसं वाटतं हे सांगायचं तरी कोणाला? आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की आता लेमन हातात नसल्यावर मोहाचीच आठवण येऊ लागली होती. पाच वर्षं झोपलेलं जनावर कूस बदलत होतं.

बाबुलालच्या गाडीसमोरून जाणं म्हणजे स्वतःची परीक्षा पाहणं. म्हणून जिनातून सुटला की तो बाजार टाळून मागच्या वाटेनं घरी जाऊ लागला. आता मागची वाट जाते ओढ्यावरून, त्याला तो काय करणार! मान खाली घालून भराभरा चालायचा. एकदा तिथंच भोवळ आली म्हणून दगडावर टेकला आणि उठताना झोकांडी गेली. लोकांनी पाहिलं ते एवढंच: लेमनवाला लेमनच्या गाडीवर दिसत नाही, ओढ्यावर दिसतो, आणि झुलत चालतो. बाकीचं त्यांचं त्यांनी जुळवलं.

ती गोष्ट ढाणकीपर्यंत पोचायला पंधरा दिवसही लागले नाहीत. आणि ढाणकीच्या बाबारावांच्या मुलाशी गोविंदाच्या पोरीची, प्रभावतीची सोयरीक ठरत आली होती. मुलगा शाळामास्तर. प्रभावती सातवी शिकलेली. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, पण हे स्थळ आल्यापासून ती काम करताना गुणगुणायची. गोविंदाला ते ऐकू यायचं.

ठरल्या रविवारी बाबाराव दोन भाऊबंदांना घेऊन मोटारीनं आले. जय भीम झाला, पाणी झालं, जेवणं झाली. मग गोविंदाच्या मेव्हण्यानं, मारोतीनं बाटली आणून सतरंजीवर ठेवली. बाबारावांनी गोळी दाबली. फस्स झालं. अर्धी बाटली ते प्याले आणि उरलेली त्यांनी गोविंदाच्या हातात दिली.

बाटली गार होती. गुलाबाचा वास नाकात शिरला आणि गोविंदाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यानं ती खाली ठेवली.

"मले मनाई हाय जी. डाक्टरनं बंद केलं."

"लेमन कोन्या डाक्टरनं बंद केलं?" बाबाराव म्हणाले. "आमच्याकडं तापातल्या माणसाले बी सोडा-लेमन देतेत." माणूस वाईट नव्हता, पण पोराचा बाप होता. "गोविंदराव, म्या इथं यायच्या आधी लय आयकलं. तुमी ओढ्याकडच्या वाटेनं जाऊन राह्यले म्हनतेत. ज्यानं ही रीत पाडली तोच बाटलीले हात लावत नाही, तं आमी काय समजाव?"

गोविंदाला बोलायचं होतं. लघवीतली साखर, मुंग्या, निळं औषध, सगळं सांगायचं होतं. पण पाहुण्यांसमोर हे कुठून सुरू करायचं, आणि दारुड्या म्हणून वीस वर्षं नाव काढलेल्या माणसावर विश्वास तरी कोण ठेवणार?

"अर्धीच तं हाय भाऊजी," मारोती कानाशी कुजबुजला. "घ्या अन् मोकळे व्हा."

अर्धी! त्याला आयुष्यात अर्धी कधी जमलीच नव्हती. ना मोहाची, ना ही. आज अर्धी, उद्या बाबुलालची गाडी, आणि परवा गाडीवरही भागलं नाही तर? पण आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. प्रभावती दाराआड उभी राहून ऐकत होती, हे त्याला न बघताही कळलं. फार थकला होता तो. एका घोटात सगळं मिटत होतं. त्यानं बाटली पुन्हा उचलली, ओठांपर्यंत नेली.

तेवढ्यात मथुराबाई बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नसे. तिनं त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.

"तुमाले काय आयकाचं ते मले विचारा," ती बाबारावांना म्हणाली. पदर डोक्यावर होता, आवाज मात्र स्वच्छ. "पाच वर्सं झाली. हे घरी आले की मी पान्याचा गडवा द्याले जवळ जातो अन् यायचं तोंड हुंगतो. एक दिवस चुकला नाही. पोरगी तापानं फणफणली होती तवा बी हुंगलं, माही माय मेली त्या दिवशी बी हुंगलं."

गोविंदानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"या दिवाळीच्या आंधी यायच्या तोंडाले वास आला. गोड वास, पिकल्या फळावानी. मले वाटलं, धरली पुन्हा. दोन दिवस म्या भाकर खाल्ली नाही. मंग बाजारी यायच्या मांगं मांगं गेलो, दुरून. तं हे बाबुलालच्या गाडीवर एकामांगं एक सहा बाटल्या लेमन पेले अन् घरी आले. दारूचा थेंब नाही. मंग परसात मुंग्या दिसल्या, तवा दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हने लघवीत साखर हाय, वास बी त्याचाच. म्या हुंगलं नसतं तं आज हा मानूस तुमच्यापुढं बसला नसता. आता हे ओढ्याच्या वाटेनं जातेत ते लेमन दिसू नाही म्हनून. पटत असन तं सोयरीक करा. नसन पटत तं जेवन झालंच हाय, मोटारीची येळ झाली."

बाबारावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरी बी हुंगतेत."

त्यांचा एक भाऊबंद फिस्सकन हसला आणि मग सगळेच हसले. बाबारावांनी स्वतः पाण्याचा तांब्या मागवला. अर्धा ते प्याले, अर्धा गोविंदानं रिकामा केला. आवाज काहीच झाला नाही, तरी आतल्या दारात बांगड्या वाजल्या त्या सगळ्यांनी ऐकल्या.

पाहुण्यांना मोटारीवर बसवून गोविंदा परतला तेव्हा दिवेलागण होत आली होती. तो ओट्यावर बसला. मथुराबाई गडवा घेऊन आली. त्यानं तो घेतला, पण प्याला नाही.

"पाच वर्सं?" त्यानं विचारलं. "रोज?"

"रोज."

"मले वाटे, तुह्या मनात आता काही भेव राह्यलं नाही."

"भेव कुठी जाते?" ती म्हणाली. "तुमचं गेलं का?"

नव्हतं गेलं. त्याला वाईट वाटलं, रागही आला, आणि आपल्याबरोबर घरातलं आणखी एक माणूस इतकी वर्षं रोज जागं होतं हे कळून थोडं हलकंही वाटलं. राग धरायचं त्राण मात्र आज नव्हतं. तो गटागटा पाणी प्याला आणि गडवा खाली ठेवला.

"आजचं राह्यलं," तो म्हणाला आणि तिच्यासमोर तोंड उघडलं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं, आता चोरायचं काही नव्हतं तरी. मग वाकून त्याचा श्वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला.

"काहीच नाही येत," ती म्हणाली आणि रिकामा गडवा उचलून आत गेली.