मरणाच्या कपड्यांची पेटी

ग्रिगाला अक्कल कमी हे मला ठाऊक होतं, पण इतकी? त्याची आई, माझी शेजारीण पालागा, शहरातल्या दवाखान्यात पडलेली, आणि हा गडी तिची लग्नातली पेटी दारात आलेल्या परक्या नवराबायकोला विकून मोकळा!

उन्हाळ्यात असले लोक आमच्या खोऱ्यात येतातच. गाडी हळूहळू हाकत कुंपणातून डोकावतात, जुनं काही दिसलं की उतरतात. चरखे, मडकी, बैलाचं जू, काय वाट्टेल ते नेतात. मी स्वतः त्यांच्या गळ्यात मोडका पाळणा मारलाय, वर आलुबुखाराची दारू पाजून निरोप दिलाय. त्यांना कशाला नावं ठेवू? पेटी रिकामी आहे ना, असं ह्या दोघांनी विचारलंही म्हणे. ग्रिगाने चादरी, शाली उपसल्या आणि हो म्हणाला.

"आतला बाजूचा कप्पा उघडलास का?" मी विचारलं.

"कसला कप्पा, नुत्सामावशी?"

"अरे मुडद्या, तुझ्या आईचे मरणाचे कपडे होते त्यात!"

तो रस्त्याकडे धावला, पण गाडी कधीच गेलेली. ना त्या लोकांचं नाव माहीत, ना गाव.

लग्नात घातलेला, स्वतःच्या हाताने भरतकाम केलेला सदरा आम्ही बायका मरणासाठी जपून ठेवतो. तोच घालून पुरायचं, म्हणजे आधी गेलेला नवरा तिकडच्या गर्दीत आपल्याला ओळखतो. पालागाचा नवरा गाव्रिला जंगलात झाडाखाली चिरडून गेला तेव्हा ग्रिगा रांगत होता. आता ग्रिगाचेच केस पिकलेत. त्या सदऱ्यावाचून गाव्रिला हिला ओळखणार तरी कसा?

पालागाला घरी आणलं ते मरायलाच. डोळे गेले होते. मला म्हणाली, "नुत्सा, सदरा काढ गं. जरा वारा लागू दे त्याला."

मी घरी जाऊन माझा सदरा आणला, तिच्या हातात दिला. तिने मनगटाच्या पट्टीवरच्या भरतकामावरून बोटं फिरवली.

"हा तुझा. माझा कुठंय?"

मला खोटं बोलवेना. "ग्रिगाने पेटी विकली, पालागा."

मला वाटलं, आता लेकाला शिव्याशाप देईल. तिने दाराकडे कान दिला. मग म्हणाली, "त्याला बोलू नकोस. बाहेर रडतोय तो." आणि थोड्या वेळाने, "गाव्रिलाने मला म्हातारी झालेली पाहिलंच नाही गं." मग तिचं रडं काही थांबेना.

त्याच आठवड्यात ती गेली. ग्रिगाने बाजारातून नायलॉनचा सदरा आणला, करकर वाजणाऱ्या पिशवीतला. मी तो बाजूला सारला आणि माझा सदरा तिच्या अंगावर चढवला.

"वेडी झालीस का?" बायका म्हणाल्या. "गाव्रिला तुझा सदरा काय ओळखणार?"

"गाव्रिला नाही. माझा नवरा तोदेर आहे ना तिकडे, तो ओळखेल."

आमच्याकडे मेलेल्या माणसाशी रडत रडत बोलतात, जे सांगायचं ते सांगून घेतात. मी शवपेटीवर वाकले. "पालागा, हा सदरा बघून एक वाकलेला म्हातारा धावत येईल. तो माझा तोदेर. तुला म्हातारी झालेली त्याने पाहिलंय, तो तुला ओळखेल. त्याचा हात सोडू नकोस. त्याला कमी ऐकू येतं, कानाशी ओरडून सांग, मला गाव्रिलाकडे घेऊन चल. आणि गाव्रिलाला म्हणावं, ही तुझीच बायको, तुझ्या पोराला एकटीने वाढवलं हिने." ग्रिगा हमसून हमसून रडत होता. रडू दे मेल्याला, म्हटलं.

पुरून आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. "मावशी, मग तुम्ही काय घालून जाणार?"

"ती पिशवी आण इकडे," मी म्हणाले.

नायलॉनचा सदरा आता माझ्या पेटीत आहे. दुसरं काय ठेवणार तिथे? पालागासाठी केलं त्याचं मला वाईट वाटत नाही, पण भीती वाटते, खोटं कशाला बोलू. माझा सदरा बघून तोदेर एकदा धावला असेल, जवळ जाऊन बघतो तर दुसरीच बाई. आता ह्यापुढे कुणी बाई आली तर तो जागचा उठेल का?