बाराव्या भेटीचा रिपोर्ट

अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या मराठी मंडळींत मला पद्मजा कुणी म्हणत नसे. मी मालिशवाली होते. हे नाव डॉ. चंद्रशेखर पाटणकरांनी ठेवलं, १९८५ सालच्या एका पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, तीस माणसांसमोर. "आपल्यात सगळे होते, एक मालिशवालीच कमी होती!" सगळे हसले. मीही हसले. पाटणकरांच्या घरची बोलावणी आम्हाला नुकतीच येऊ लागली होती, तेव्हा हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

नागपूरला मी फिजिओथेरपी शिकले, इथे येऊन दोनदा परीक्षेत आपटले आणि तिसऱ्यांदा लायसन्स मिळवलं. पण हृदयाच्या डॉक्टरांच्या घोळक्यात त्याला काय किंमत? जेवणं झाली की कुणीतरी माझ्यापुढे मान वाकवायचं. "बघ ना यार, इथे आखडलंय." मी ताट बाजूला ठेवून बघायचे आणि आतल्या आत जळायचे.

पुढच्या उन्हाळ्यात याच पाटणकरांची बायको सुलेखा माझ्या क्लिनिकमध्ये आली. शेजारणीने तिला गाडीने आणून सोडलं होतं. हातात बारा भेटींची चिठ्ठी होती, आठवड्याला एक, नवऱ्याच्या डॉक्टर मित्राने सही केलेली. दुखणं पाठीच्या वरच्या भागात, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध. डावा हात डोक्यापर्यंत पोचत नव्हता. वेणी घालता येईना म्हणून बाईने केसच कापून टाकले होते.

"काय उचलतेस तू?" मी विचारलं.

"काही नाही हो, ताई. सासूबाईंना."

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. अंगाने भरलेल्या. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून बाथरूममध्ये, परत पलंगावर, दिवसातून आठ-दहा वेळा, आणि उचलणारी ही एकटी. पाटणकर हॉस्पिटलमधून फोन करून आईने गोळी घेतली का ते विचारत. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना छान जमायचं.

मी मित्र-डॉक्टरांना पत्र लिहिलं, की उपचार चालू असेपर्यंत पेशंटने माणूस उचलायचा नाही, दुसरी व्यवस्था करावी. दुसऱ्या दिवशी पाटणकरांचाच फोन. "काय हो, आमच्या घरातली कामं आता मालिशवाली वाटून देणार का?" ते हसत होते, पण मला घाम फुटला. मात्र त्यांनी ग्लॅडिस नावाची एक बाई ठेवली, सकाळी नऊ ते पाच. सुलेखाची पाठ बरी होईपर्यंत, असं बजावून.

मग आम्ही कामाला लागलो. आधी शेक, मग गाठी मोकळ्या करणं, मग ताण देण्याचे व्यायाम. दाराच्या चौकटीत उभं राहायचं, दोन्ही हात कोपरापर्यंत चौकटीला टेकायचे, एक पाय पुढे, छाती पुढे, तीस आकडे मोजेपर्यंत. टॉवेलची गुंडाळी पाठीच्या कण्याखाली घेऊन निजायचं. भिंतीला हात लावून हळूहळू वर सरकवायचे. दोन फऱ्यांमध्ये पेन्सिल धरली आहे असं समजून ते जवळ आणायचे. सुलेखाने एकही दिवस चुकवला नाही. सहाव्या भेटीत हात कानापर्यंत आला, आठव्यात डोक्यावर. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली.

पाठ सुटली तशी तिची जीभही सुटली. अमेरिकेत तेरा वर्षं काढून तिने कधी गाडी चालवली नव्हती. आता दुपारी ग्लॅडिस घरात असायची, म्हणून तिने ड्रायव्हिंगचे धडे घेतले. अकराव्या भेटीला ती स्वतः गाडी चालवत आली, चेहरा लालबुंद. "परवा एकटी लायब्ररीत गेले, ताई. पुस्तक काही आणलं नाही. नुसती बसले तासभर."

बाराव्या भेटीत मी सगळं तपासलं. हात पूर्ण वर, मान दोन्हीकडे मोकळी, बोटाने दाबलं तरी कुठे दुखत नव्हतं. मी फाइल उघडली तर तिने माझा हात धरला.

"ताई, अजून थोडं दुखतंय असं लिहा ना."

"दुखतंय का?"

"नाही. पण बरी झाले असं लिहिलंत की ग्लॅडिस कॅन्सल. ह्यांनी सांगूनच ठेवलंय. सासूबाईंचं मी करीन हो, नाही म्हणत नाही. पण एकटीने उचलणं नको आता. दुपार तेवढी राहू दे मला."

"मी खोटं लिहीत नाही, सुलेखा. लायसन्स आहे माझं."

तिने हात सोडला. "बरं," म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

सत्याच्या नावाने मी नाकाने कांदे सोलले, हे आज कबूल करते. खोटं लिहायची गरजच नव्हती. एक खरं वाक्य पुरलं असतं, 'पेशंटने यापुढे माणूस एकटीने उचलू नये, नाहीतर दुखणं परत येईल.' हे मला माहीत होतं, वाक्य पेनाच्या टोकाशी आलंही होतं. पण पाटणकर पुन्हा फोन करतील, पुन्हा हसतील, याची मला भीती वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे मला वाटलं, असं वाक्य लिहिलं तर माझा उपचार अर्धवट दिसेल. मला तो रिपोर्ट चकचकीत हवा होता, डॉक्टरांच्या टेबलावर पडेल असा. मी लिहिलं, 'पूर्ण बरी. कोणतंही बंधन नाही.'

आणि झालंही माझ्या मनासारखं. पाटणकरांनी फोन करून मला चक्क 'पद्मजाताई' म्हटलं. "बायको नवीकोरी करून दिलीत!" त्यांचे डॉक्टर मित्र माझ्याकडे पेशंट पाठवू लागले. वर्षाअखेरीला क्लिनिकने माझं नाव दारावर लावलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्यीण चांगली गलेलठ्ठ होत होती.

सुलेखाला मी फोन केला नाही. एकदोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला.

जानेवारीत तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंधराएक बायका आल्या होत्या. सगळ्या माझ्याभोवती जमल्या, कुणाचा खांदा, कुणाची कंबर. मी सुलेखाला स्वयंपाकघरात एकटं गाठलं.

"पाठ कशी आहे?"

"छान आहे."

"ग्लॅडिस?"

"सप्टेंबरातच नको सांगितलं. आईंना परक्या बाईचा हात नको वाटतो, असं हे म्हणाले."

"आणि गाडी?"

"आहे की. संध्याकाळी हे आले की घेऊन जा म्हणतात. संध्याकाळी कुठे जायचं, ताई? आठला जेवण लागतं."

"मी आता पत्र देते. उचलायचं नाही म्हणून. आजच देते."

"आता कशाला?" ती वाटीत तिळगूळ काढत होती. "पाठ खरंच दुखत नाही. तुम्ही शिकवलेलं सगळं रोज करते, सासूबाईंना उचलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. त्याच्यामुळेच तर जमतं. आणि पुढच्या महिन्यात नागपूरहून सासरे येताहेत. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांनाही उठवावं लागतं. मी विचारलं, एकटीने कसं होईल? तर हे म्हणाले, आता तुला काय झालंय?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला हळदकुंकू लावलं, गजरा दिला. तळहातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला न म्हणताच पुढच्या बाईकडे वळली.